मांजरांना फळं भरवणाऱ्या काकांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे स्वयंघोषित आहारतज्ज्ञ,
डोंबिवली (पूर्व)

काका,

‘मांजरांनाही जीवनसत्त्वं लागतात, रोज वाटीभर फळं द्या’ हा तुमचा निरोप सगळ्यांनी वाचला. काहींनी तो ठाण्या-कल्याणच्या नातेवाइकांना पाठवला. आता घरोघरी मांजरांच्या ताटलीत संत्र्याच्या फोडी, मनुका आणि शिकरण दिसतं. जिन्याखालच्या बोक्याला तर तुम्ही स्वतःच्या हाताने द्राक्षं भरवलीत. हा उपदेश करण्याआधी एखाद्या पशुवैद्याला विचारायला तुम्हाला सवड झाली नाही. त्याचा त्रास मात्र मुक्या जिवांना होतो, म्हणून हे पत्र.

संत्र्यातलं ‘क’ जीवनसत्त्व माणसाला बाहेरून घ्यावं लागतं. मांजर ते स्वतःच्या यकृतात तयार करतं. आंबा-पपईतल्या बीटा कॅरोटीनपासून आपलं शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. मांजराला ते जमत नाही, त्याला ते मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. टॉरिन नावाचा घटकही तसाच. तो पुरेसा मिळाला नाही तर मांजराची दृष्टी जाते आणि हृदय निकामी होतं. फळांत तो नसतो. म्हणजे ज्या जीवनसत्त्वांच्या नावाने तुम्ही वाट्या भरायला सांगितल्यात, त्यांतलं एक मांजराला नको आहे आणि दुसरं तुमच्या वाटीत नाही.

गोडीचंही तेच. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवून दिलं, की गोड चव ओळखायला लागणारं एक जनुक मांजरांमध्ये निकामी आहे. तुमच्या महागाच्या हापूसची गोडी त्या बोक्याला कळतच नाही. आणि शिकरण? बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. त्यात केळं आणि साखर घालून तुम्ही त्यांना जुलाब देता, पोषण नव्हे.

आता द्राक्षं. ती हंगामात ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून डोंबिवली स्टेशनबाहेरच्या गाड्यांपर्यंत सगळीकडे मिळतात, म्हणून ती मांजराचं अन्न ठरत नाहीत. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे सिद्ध आहे. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. मांजरांच्या नोंदी कमी आहेत, पण किती द्राक्षं चालतील हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच पशुवैद्य ती अजिबात देऊ नका म्हणतात. संत्रं, मोसंबी, लिंबू यांच्या सालीतली तेलं मांजराचं यकृत नीट निचरून टाकू शकत नाही. सफरचंदाच्या बियांतून सायनाइड सुटतं, सीताफळाच्या बिया विषारी असतात, आणि आंब्याच्या कोयीचा तुकडा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. फळांच्या चाटमध्ये कांदा किंवा मसाल्यात लसूण असेल तर तेही नको. त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

कौतुकाने फळ द्यायचंच असेल तर केळं, कलिंगड, खरबूज, पपई किंवा साल-बिया काढलेलं सफरचंद चालतं. तेही नखाएवढे एक-दोन तुकडे, कधीतरी, आणि मांजराने स्वतःहून खाल्लं तरच. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी लागतात आणि वरचा खाऊ त्याच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. एका केळ्यातच शंभरेक कॅलरी असतात. तुमच्या वाटीचा हिशेब यावरून तुम्हीच करा. मधुमेही मांजराला आणि लहान पिल्लांना तर फळ देऊच नये.

बरं, बिघडल्यावर काय होतं तेही ऐका. उलट्या, लाळ गळणं, सुस्ती, लघवी कमी होणं यांतलं काही दिसलं, किंवा मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर ताबडतोब पशुवैद्य गाठावा लागतो. रात्री-अपरात्री जवळ कुणी सापडलं नाही, तर घाबरलेल्या जनावराला पिंजऱ्यात घालून पार परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत धावावं लागतं. ती धावपळ निरोप पाठवणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. आणि कृपा करून पुढचा सल्ला म्हणून तापाची गोळी सुचवू नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरू शकतं.

काका, तुम्हाला प्राण्यांची माया आहे हे मी नाकारत नाही. पण ज्याला भरवायचं त्याचं पोट कसं चालतं हे विचारण्याचे कष्ट त्या मायेने घेतले नाहीत. ज्या ग्रुपवर चुकीचा निरोप टाकलात, तिथेच आज दुरुस्तीही टाका: द्राक्षं, मनुका, संत्री-मोसंबी कधीच नाही, बाकीचं फळ नखाएवढं, आणि शंका आली तर आधी पशुवैद्य. ज्यांनी तो निरोप पुढे पाठवला त्यांनीही हे तितक्याच तत्परतेने पाठवावं. मांजराला फळांची गरज नाही. त्याला मांसाहार, स्वच्छ पाणी आणि जबाबदार माणूस हवा.

आपली,
शेजारच्या इमारतीतली एक मांजरपालक