राजाची अडीच घरं

पानशेतला ज्येष्ठांची आणि पोरांची बुद्धिबळ स्पर्धा घ्यायची असं ठरलं, तेव्हा पहिलं भांडण बक्षिसांवरून झालं नाही, तारखेवरून झालं. जुलै-ऑगस्टात भातलावणी, ज्याचे पाय चिखलात, तो पटाला कशाला हात लावेल? शिवाय १२ जुलै जवळ आली की इथली जुनी माणसं १९६१ची धरणफुटी सांगायला बसतात, आणि ती ऐकताना कुणाला घोडा हलवायचं सुचत नाही. दिवाळीच्या मागेपुढे कापणी-झोडणी. चैत्र-वैशाखात जत्रा आणि लग्नं. उरला जानेवारीतला एक रविवार. तो आम्ही मोठ्या हुशारीने पकडला. रविवारी पुण्याहून निघालेला माणूस खडकवासल्याच्या चौपाटीवर गाड्यांच्या रांगेत अडकतो आणि भाजलेलं कणीस खाऊन तिथूनच माघारी जातो, हे मात्र आमच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या वर्षी अठरा जण आले. त्यांत तिघे आम्ही आयोजकच.

त्यातही आम्ही बाद फेरी ठेवलेली. म्हणजे माणसाने पहाटे उठून, पोराला अर्धवट झोपेत बसमध्ये कोंबून चाळीसेक किलोमीटर यायचं आणि साडेदहाला हरून धरणाकडे बघत बसायचं. असा माणूस पुढच्या वर्षी येत नाही. आणि न येणारा एकटा नसतो, त्याच्यासोबत त्याची अख्खी सोसायटी येत नाही. मग कुणीतरी शहाण्याने सांगितलं, स्विस लीग घ्या. १८९५मध्ये झुरिचच्या स्पर्धेत ही पद्धत पहिल्यांदा वापरली, म्हणून ती स्विस. हिच्यात हरलेला घरी जात नाही. पुढच्या फेरीत त्याची गाठ त्याच्याइतकेच गुण असलेल्याशी पडते. दुपारपर्यंत जिंकणारे जिंकणाऱ्यांशी आणि रडणारे रडणाऱ्यांशी झुंजत असतात, आणि शेवटच्या पटावरही कुणीतरी जिंकतंच. संसारातसुद्धा अशी सोय हवी होती, असं माझं वैयक्तिक मत आहे.

सांगलीकरांना हे सगळं सांगावं लागत नाही. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१पासून आहे, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की स्पर्धेला जायचं, हे तिथल्या घरांत आंब्याच्या अढीइतकं नेमाचं आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झालेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच गावच्या. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी धरण दाखवतात.

दुसऱ्या वर्षी आम्ही सुधारलो. पालकांसाठी सावली, चहा आणि बसायला खुर्च्या ठेवल्या. कारण पोर आत आठ तास खेळतं आणि बाहेर आई-बाप आठ तास काहीच खेळत नाहीत. पुढच्या वर्षी यायचं की नाही, ते हे खुर्चीवाले ठरवतात. २०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यानंतर मुलींच्या नोंदणीचे फोन आपसूक यायला लागले. त्याचं श्रेय आम्ही मनातल्या मनात आमच्या पत्रकालाच दिलं.

अडलं ते ज्येष्ठांवर. जागतिक संघटनेच्या हिशेबाने ज्येष्ठांचा पहिला गट पन्नाशीपासून आणि दुसरा पासष्टीपासून. हे पत्रकावर छापलं, तर बावन्न वर्षांचे एक गृहस्थ भांडायलाच आले, “ज्येष्ठ कुणाला म्हणता?” त्यांना खुल्या गटात घातलं. वेगळा ज्येष्ठ गट केला, तर सात नावं आली. सातही जण एकाच पारावरचे, तीस वर्षं एकमेकांशी खेळून एकमेकांना कंटाळलेले. त्यांना पोरांच्यात मिसळायचं म्हटलं, तर वेगळीच भीती. हरायचं त्यांना काही वाटत नाही. नऊ वर्षांच्या पोरीकडून, नातवंडांसमोर हरायचं वाटतं.

एक आजोबा आले तरी. ते देशी बुद्धिबळ खेळलेले. प्यादं एका वेळी एकच घर चालवणारे. तिसऱ्या फेरीत लाल रिबिनीच्या एका मुलीसमोर त्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला. मुलीने घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. पंच आले.

“आमच्यात राजाला एक डाव अडीच घरं असत्यात,” आजोबा म्हणाले. “शह बसायच्या आत.”

खरं होतं ते. देशी खेळात ती मुभा होतीच. पण पंचांनी राजा परत घरात ठेवला, मुलीला दोन मिनिटं वाढवून दिली आणि पुन्हा चूक झाली तर डाव जाईल असं बजावलं. आजोबा राजाकडे असे बघत राहिले, जणू त्याचं वतन खालसा झालं. पंधरा खेळ्यांत मात झाली. मुलीने शिकवल्याप्रमाणे हात पुढे केला. आजोबांनी तो हातात घेऊन विचारलं, “कुणाची गं तू?”

मधल्या सुट्टीत पाहिलं, तर दोघं पायरीवर पट मांडून बसलेली. या वेळी पोरीचा राजा अडीच घरं उडत होता आणि आजोबा हरकत घेत होते.

माणसं कशाला येतात, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. करंडक मिळून मिळून किती जणांना मिळणार? बाकीची येतात ती उट्टं काढायला. म्हणून यंदा मी पत्रकं निम्मी छापली आणि मागच्या वर्षी कोण कुणाकडून हरलं, याची वही काढून फोन करायला बसलो. आजोबांनी प्रवेश फी विचारली नाही, जेवणाचंही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “ती लाल रिबिनीची येणार हाय का?”

“येणार,” मी ठोकून दिलं.

मग तिच्या घरी फोन लावला. आई म्हणाली, “त्याच दिवशी तिचा नाचाचा कार्यक्रम आहे हो.” मागून आवाज आला, “ते आजोबा येणारेत का, विचार!”

“येणार म्हणजे काय, पहिलं नाव त्यांचंच आहे,” मी म्हणालो, आणि फोन ठेवून वहीत आजोबांचं नाव लिहायला घेतलं.