ध्वनिवर्धकाचे मौनव्रत

ओवे येथील एका हौशी मोटारमालकाचा ध्वनिवर्धक, लाल संरक्षक दिवा तेवढा पेटता ठेवून, एकाएकी मौन धारण करता झाला, तेव्हा दूरस्थ दुरुस्तीतज्ज्ञांनी तो पार्सलाने मागवून घेतला. आणि मोटारीच्या १२ व्होल्टांचा दाब चढविताना काळवंडलेले मॉसफेट ट्रान्झिस्टर बदलण्यापूर्वी अर्ज, पोच, अंदाजपत्रक व मंजुरी असा दफ्तरी सोपस्कार यथासांग आरंभिला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली खरी, परंतु या बिघाडाने केला तितका तिचा चोख अंमल आजवर कोणत्याही सरकारी खात्यास साधलेला नव्हता. ज्यांच्या तावदानांच्या काचा हल्ली थरथरत नाहीत, ते शेजारी दुरुस्तीचा निम्मा खर्च सोसावयास राजी आहेत. मात्र पार्सल परत येऊ नये, एवढीच त्यांची माफक अट आहे.