नकाशातले नवे गाव

सप्टेंबर 2012 मध्ये ॲपलने आयफोनमधला गूगलचा नकाशा काढून स्वतःचा बसवला, हे थोरच काम झाले. लोकांना विचारले नाही. विचारले की लोक उगाच नाही म्हणतात. या नकाशाने ऑस्ट्रेलियातले मिल्डुरा गाव सुमारे 70 किलोमीटर दूर, राष्ट्रीय उद्यानात नेऊन ठेवले. वाहनचालक रानात अडकले, पोलिसांनी इशारा काढला. वनपर्यटनाला केवढी चालना!

शिराळा आगारानेही हा कित्ता गिरवावा. कोकरूडची पाटी लावून एसटी थेट चांदोलीच्या जंगलात सोडावी. प्रवासी कुरकुरले, तर वाहकाने तिकिटाचे पैसे घेऊन नम्रपणे म्हणावे, ‘दिलगीर आहोत, तूर्त वडापने जा.’

मसुदा तयारच आहे. ॲपलच्या टिम कुक यांनी त्याच महिन्यातल्या जाहीर माफीपत्रात ग्राहकांना सुचवले होते : तोवर प्रतिस्पर्ध्यांचे नकाशे वापरा, गूगलचासुद्धा.