वय बेचाळीस, मुक्काम वैशाखरे

लंडनमध्ये हाउन्स्लोला राहणारा आमचा भाचा येत्या चार वर्षांत निवृत्त होणार आहे. सध्या त्याचं वय ३८. गुडघे शाबूत आहेत, केस बऱ्यापैकी जागेवर आहेत, नोकरी संगणकाची आहे आणि पगाराचा आकडा ऐकला की त्याची मामी दर वेळी "महिन्याचा का वर्षाचा?" असं विचारते. निवृत्तीनंतर साहेब राहणार आहेत वैशाखऱ्याला, आजोळी. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत एसटी माळशेजकडे निघते, निम्मे प्रवासी डुलकी काढत असतात, आणि तेवढ्यात खिडकीबाहेरून जे गाव निघून जातं, तेच.

या पंथाला 'फायर' म्हणतात. आर्थिक स्वातंत्र्य कमवायचं आणि लवकरात लवकर नोकरीला रामराम ठोकायचा. पंथ मूळचा अमेरिकेतला. व्हिकी रॉबिन आणि जो डॉमिंगेझ यांचं १९९२ चं 'युअर मनी ऑर युअर लाइफ' ही त्याची पोथी, आणि विल्यम बेंगेन नावाच्या सल्लागाराने १९९४ साली मांडलेला चार टक्क्यांचा नियम हे महावाक्य. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी जमवा, पहिल्या वर्षी तिच्यातले चार टक्के काढा, पुढे महागाईइतके वाढवत जा, ३० वर्षं चिंता नाही. बेंगेनने हिशेब केला तो अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या १९२६ पासूनच्या आकड्यांवर. त्यात मुरबाडची भातशेती नव्हती. शिवाय ४२ व्या वर्षी बसलेल्या माणसाने ७२ च्या पुढे काय खायचं, हेही त्यात नाही. आमच्याकडे ७२ व्या वर्षी माणूस आवणीला चिखलात उतरतो, त्यामुळे आम्हाला हा प्रश्न कधी पडला नाही.

ब्रिटनमधले साधक व्रताला फार कडक. ऑफिसात घरचा डबा नेतात, केस घरीच कापतात, आठवड्यातून तीनदा डाळ खातात आणि वाचलेले पौंड लगेच गुंतवतात. डाळ खाल्ल्याने संपत्ती कशी वाढते, हे भाच्याने मला फोनवर वीसेक मिनिटं समजावून सांगितलं. ज्या घरात वरणात डाळ शोधायला लागायची, त्या घरात मी वाढलो. संपत्ती कुठे गेली, हे विचारायचं राहून गेलं.

तिकडे आयसा नावाचं करमुक्त खातं असतं. वर्षाला २० हजार पौंडांपर्यंत टाकता येतात आणि भाचा एक पेनी कमी टाकत नाही. खासगी पेन्शनची पेटी मात्र ५५ व्या वर्षापर्यंत कुलूपबंद. ६ एप्रिल २०२८ पासून ते कुलूप ५७ ला उघडेल. सरकारी पेन्शन ६६ वरून ६७ वर सरकतंय आणि पुरतं हवं तर ३५ वर्षांची वर्गणी भरलेली लागते. त्यातही मेख अशी, की ब्रिटनमध्ये राहणाऱ्याचं पेन्शन दर वर्षी वाढतं, पण भारतात येऊन राहिलेल्याचं पहिल्या दिवशी मिळालं तेवढ्यावरच गोठतं. ही मेख मी मोठ्या उत्साहाने त्याला कळवली. तो म्हणाला, "मामा, ते मी शून्यच धरलंय." फायरवाल्यांची ही खुबी आहे. ज्याची धास्ती वाटते ते शून्य धरायचं. म्हातारपणही त्याने शून्यच धरलंय.

आता मुख्य हिशेब. लंडनच्या आसपास साधेपणाने राहायला वर्षाला ३० हजार पौंड धरले, तर पुंजी हवी साडेसात लाख पौंड. तेवढी जमेपर्यंत माणूस रीतसर म्हातारा होतो. वैशाखऱ्यात महिन्याला ६० हजार रुपयांत राजासारखं राहता येईल असं भाच्याने ठरवलंय. वर्षाचे सात लाख वीस हजार, पंचवीस पट म्हणजे एक कोटी ८० लाख. पौंड ११५ रुपयांना धरला तर दीड लाख पौंडांच्या थोडं वर. साडेसातचे दीड झाले! एवढी बचत डाळीने होत नाही, ती फक्त गाव बदलल्याने होते.

त्याचा तक्ता मी पाहिला. स्वयंपाक आणि धुणीभांडी करायला बाई : ३,०००. वाडीवर माणूस, दिवसरात्र : ६,०००. गावठी दूध घरपोच. तांदूळ : शून्य, घरच्या शेतातला. भाजी : शून्य, घरच्या वाडीतली. आणि सगळ्यात खाली, इतर : २,०००. तांदळापुढच्या शून्यात राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत जो राबणार आहे, तो बहुधा मी. भाजीच्या शून्यात माकडं आणि रानडुकरं जेवून जातील. पण मला कौतुक वाटलं ते 'इतर'चं. गावातल्या माणसाचं आख्खं आयुष्य 'इतर'मध्ये असतं. लग्नातला आहेर, हळदीची रात्र, मंडळाची वर्गणी, कुणाच्या दहाव्याला जाताना घेतलेली रिक्षा, म्हशाच्या जत्रेत पाहुण्यांना घेऊन द्यायची घोंगडी. दोन हजारांत हे बसवायचं तर माणसाला गावात राहूनही हाउन्स्लोतच राहावं लागेल.

भाच्याला वाटतं, ही कल्पना नवी आहे. पैसा एका देशात कमवायचा आणि खर्च दुसऱ्या देशात करायचा, हा धंदा आमच्या या घाटाने कधीच पाहिला आहे. वैशाखऱ्याजवळून वाट नाणेघाटात चढते. वर सातवाहनांचं लेणं आहे, नागनिका राणीच्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचे आकडे भिंतीवर कोरलेले आहेत आणि माथ्यावर तो दगडी रांजण, ज्यात जकात पडत असे म्हणतात. हे लेख १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडले. तो मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. जन्म १७९० चा. १८३१ मध्ये विलायतेला परतला आणि १८३३ मध्ये, म्हणजे ४३ व्या वर्षी, कर्नल म्हणून कंपनीच्या नोकरीतून मोकळा झाला. आमच्या घाटाशी नाव जोडलेला पहिला फायरवाला हाच. पुढे तो स्वस्थ बसला का? छे. १८४० मध्ये कंपनीचा संचालक, १८५६ मध्ये अध्यक्ष, १८५७ पासून खासदार. लवकर निवृत्त झालेली माणसं नंतर आपल्याला कामाला लावतात, हा अनुभव तेव्हाचाच.

पुढे आयसीएसवाल्या गोऱ्या साहेबांनी ही सोय पक्की करून घेतली. २५ वर्षं नोकरी, मग तहहयात वर्षाला हजार पौंड. पंचविशीच्या आत आलेला साहेब पन्नाशीच्या आत चेल्टनममध्ये गुलाबांना पाणी घालायला मोकळा. पाण्याचे पैसे इथला शेतसारा भरायचा. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निचऱ्याचा जो जमाखर्च मांडला, त्यात विलायतेत फेडली जाणारी ही पेन्शनंही होती. आज दिशा उलटली आहे. पौंड हाउन्स्लोहून निघून वैशाखऱ्याला येणार आहे. मला तर भाच्याचा अभिमानच वाटायला हवा. वाटतोही. फक्त तेव्हा साहेब निवृत्त झाला तरी भात लावणारा लावतच होता, आणि आता भाचा निवृत्त झाला तरी तोच लावणार आहे, एवढं एक नजरेआड करायचं.

महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्याच वर्षी ब्रिटनमधलं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेनी. भाच्याच्याच दराने गुणून पाहिलं : इथला आख्खा दिवस म्हणजे तिकडची तेरा मिनिटं. चहाच्या मशीनपुढे रांगेत उभं राहायला तेवढी लागतात. भाच्याची सगळी निवृत्ती या तेरा मिनिटांवर उभी आहे. इथला दिवस तिकडच्या अर्ध्या तासाचा झाला, की तक्ता कोसळला.

फायरचे पोटभेद असतात. बेताचं, चैनीचं, आणि कॉफीच्या दुकानात अर्धवेळ काम करत काढायचं ते बरिस्ता. आपल्याकडे सगळे आहेत. बेताच्या प्रकाराला आम्ही श्रावणबाळ योजना म्हणतो : ६५ वर्षं पुरी करा, महिन्याला १,५०० रुपये मिळतील, फक्त वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत आहे असा दाखला आणा. बरिस्ता प्रकार माळशेजच्या रस्त्यावर पावसाळ्यात दिसतो. भजी, चहा, भाजलेलं कणीस. धंदा जरा उभा राहतो तोच धबधब्यांवर जमावबंदीचा आदेश येतो आणि बरिस्ता ताडपत्री गुंडाळून घरी जातो. चैनीचा प्रकार शेजारच्या शहापूर तालुक्यात, समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या तेव्हा पाहायला मिळाला. काहींनी शहाणपणाने दुसरीकडे जमीन घेतली. काहींनी चार टक्क्यांच्या जागी पहिल्याच वर्षी चाळीस टक्के काढले : बंगला, पांढरी गाडी, शर्यतीची बैलजोडी. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आता तेच गाडीवाले त्याच रस्त्यावर टोल भरतात.

आणि एक प्रकार असा आहे की त्याला बेंगेनकडे नाव नाही. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात आजारपण किंवा लग्न निघतं, तेव्हा कातकरी कुटुंब मुकादमाकडून उचल घेतं. दिवाळी झाली की पोराबाळांसकट वीटभट्टीवर. पाऊस पडेपर्यंत विटा पाडायच्या. शेवटी हिशेब होतो आणि उचल पुरती फिटलेली नसते, ती पुढल्या वर्षाच्या खात्यावर जाते. भाचा आज राबून उद्याचा वेळ विकत घेतो. इथे उद्याचा वेळ आजच विकून झालेला असतो. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. तो अजून कायद्याच्या पुस्तकात आहे आणि तिथे सुखरूप आहे.

गंमत म्हणून मी गड्याचाही तक्ता मांडून पाहिला. घरखर्च महिन्याला आठ हजार, वर्षाचे ९६ हजार, पंचवीस पट २४ लाख. महिन्याला हजार रुपये मागे पडले तर २०० वर्षांत पुंजी तयार. व्याज धरलेलं नाही. मधे पतसंस्था बुडते, तीही धरलेली नाही. गडी म्हणाला, "दोनशे? मंग आज्यानं सुरू कराया पायजे व्हतं."

जमिनीचं प्रकरण वेगळंच. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला इथे शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. आईने बक्षीसपत्र करून दिली तरी चालत नाही. वारशाने आली तरच ठेवता येते. भाच्याच्या आईचं, म्हणजे आमच्या ताईचं, नाव सातबाऱ्यावर आहे. बाकी आत्या, चुलते, त्यांची मुलं धरून तो उतारा लग्नपत्रिकेतल्या प्रेषकांच्या यादीसारखा दिसतो. ताई देवाच्या दयेने ठणठणीत आहे. ती ठणठणीत राहावी असं आम्हा सर्वांना वाटतं आणि भाच्यालाही वाटतं, पण त्याचा तक्ता त्या रकान्यात जरा अडखळतो. ताईने हक्कसोड करून द्यावी असं मलाही वाटतं. ते मी अजून कुणाला बोललेलो नाही, ताईने हे सदर वाचलं नाही म्हणजे मिळवली. भाचा म्हणाला, मग प्लॉट घेतो, बिगरशेती. प्लॉटवाल्याने त्याला कल्याण-मुरबाड रेल्वेचा नकाशा पाठवला. त्या रेल्वेच्या भरवशावर आमच्या तालुक्यात इतके प्लॉट विकले गेलेत, की प्रत्यक्ष रूळ टाकायची कुणाला आता तितकीशी घाई नसावी.

शेवटी त्याने मामीला कामाला लावलं. बाई आणि गडी पक्के करून ठेव म्हणाला, निवृत्तीच्या वेळी धावपळ नको. मामी ठाकूरवाडीत जाऊन विचारून आली आणि रविवारी तिने फोनवर अटी वाचून दाखवल्या. बाई तीन हजारांत येणार नाही. आठ हजार. आवणीचे दिवस सुट्टी, कापणीचे दिवस सुट्टी, जत्रेला आठवडा. कारण पोरगी मुरबाडच्या एमआयडीसीत लागलीय आणि आईने कुणाची भांडी घासलेली तिला आवडत नाही. पलीकडे बटणं वाजली. पाच हजार महिना वाढले म्हणजे पुंजीत १५ लाख, म्हणजे १३ हजार पौंड, म्हणजे आयसाचे आठ महिने.

"मामी, गडी?"

"सहा हजारांत दिवसरात? तो हसला रे. पंधरा म्हणतो. आणि रात्रीचा घरी जाणार."

२७ लाख. आणखी चौदा महिने. ४२ चे ४४ झाले.

भाच्याने भोळेपणाने सूत्र सांगून टाकलं : महिन्याला हजार रुपये वाढले की त्याची नोकरी दीड महिना लांबते. मामीने ते वहीच्या पाठीवर लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सांगितलं. तेव्हापासून आमच्या गावात एक नवी करमणूक सुरू झाली आहे. कुणी येतो आणि वहिनींना विचारतो, विहिरीची मोटर बघायचे मी दोन हजार म्हटले तर तुमचा भाचा किती दिवस जास्त कामाला जाईल? तीन महिने म्हटलं की माणूस समाधानाने बिडी पेटवतो. रिक्षावाल्याने सांगितलं, टोकावड्याला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं तर महिना बांधून घ्या. कल्याणच्या मोठ्या दवाखान्याचं त्याने वेगळं सांगितलं. गेल्या फोनला भाच्याचं वय ४९ वर गेलं होतं, आणि दूधवाला अजून बोलायचा होता.