समोरून कुणीच येत नाही

माझ्या मित्राचं नाव इथं देता येत नाही. त्याची गाडी मी चालवली, हे त्याच्या बायकोला अजून माहीत नाही. एवढंच सांगतो, की पाटोद्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं तो पुण्याला गेला, त्यानं पैसा केला, आणि केलेल्या पैशाचं काय करावं हे न सुचल्यामुळं पोर्शे ९११ घेतली. करेरा एस. साडेचारशे अश्वशक्तीची.

ती गाडी गावात आली दसऱ्याला. आली म्हणजे काय, मांजरसुंब्यापासून प्रत्येक गतिरोधकावर तिरकी होत, एकेक चाक अंदाज घेत टेकवत आली. स्टँडसमोर थांबली आणि पाच मिनिटांत एसटीला आत वळायला जागा उरली नाही. आमच्या मेस्तरीनं मोठ्या अधिकारानं बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून बघितलं. आत काहीच नव्हतं. रिकामा खड्डा, त्याला मऊ अस्तर.

"मालक," मेस्तरी खालच्या आवाजात म्हणाला, "इंजिन कुनी काढून नेलं?"

इंजिन मागं असतं आणि डिकी पुढं, हे सांगितल्यावर गर्दीतल्या निम्म्या लोकांना मित्राला फसवलं गेलंय याची खात्री पटली. आमच्या आबांचा आक्षेप मात्र शास्त्रीय होता. आबांनी तरुणपणी शंकरपटात बैल पळवलेले. ते म्हणाले, "वजन मागं? मग उलाळंल की गाडी!" भरलेल्या बैलगाडीत मागं भार जास्त झाला की जू वर उठतं, त्याला उलाळणं म्हणतात. ९११ चे मालकही जगभर साठ वर्षं याच काळजीत आहेत. वळणावर पाय एकदम उचलला की मागचं वजन शेपूट फिरवतं. आबांना हे गाडीत न बसता कळलं.

मित्र म्हणाला, दिवाळीनंतर ट्रॅक डे आहे, ग्रेटर नोइडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. तू पण चल.

"शर्यत हाय का?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. आपली आपण पळवायची."

"मग हरवायचं कुनाला?"

"कुणालाच नाही."

"बक्षीस?"

"बक्षीस नाही. उलट आपणच पैसे भरायचे."

आबा बराच वेळ गप्प बसले. बैलांच्या शर्यतीवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात ती अटींसह उठली, तरी आजही पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. "आन् ह्येला कोन काय म्हनत नाही?" एवढंच ते शेवटी बोलले.

गाडी पुण्याहून ट्रकवर बसून गेली. ताशी तीनशेच्या घरात जाऊ शकणारी गाडी ट्रकच्या पाठीवर झोपून जाते, हे मला तेव्हाच खटकलं होतं. मी नगरहून रेल्वेनं गेलो. वेगाच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याला घाई नसते: नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर झाली आणि बीडच्या स्टेशनात गाडी आली सप्टेंबर २०२५ मध्ये. निघताना आईनं पिशवीत बालाघाटची सीताफळं दिली, कच्ची, कागदात गुंडाळून. "पोचस्तोवर पिकतील. त्यालाबी दे."

बुद्ध सर्किट हे हर्मान टिल्के नावाच्या जर्मन माणसाचं काम. ५.१२५ किलोमीटर, सोळा वळणं, मध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं इथं फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेल जिंकला. नंतर करावरून वाद झाला आणि शर्यत गेली. २०११ च्या पहिल्याच सरावात रस्त्यावर एक भटकं कुत्रं आलं होतं आणि लाल झेंडा दाखवून सगळ्या गाड्या थांबवाव्या लागल्या होत्या. हे ऐकलं आणि त्या परक्या जागेत मला पहिल्यांदा धीर आला.

सही करायच्या कागदावर, काहीही झालं तरी जबाबदारी माझी, असं सहा वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिलं होतं. मित्रानं शांतपणे सांगितलं, की गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही. मी पेन खाली ठेवलं. त्यानं ते परत हातात दिलं.

शेजारी हरियाणवी प्रशिक्षक बसला. पिटमधून बाहेर पडलो आणि पहिल्या वळणाआधी मी हॉर्न वाजवला.

"हॉर्न क्यूँ?"

आता याला काय सांगू? मी गाडी शिकलो सौताड्याच्या रस्त्यावर, उसाच्या हंगामात. वळणापलीकडून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतोच. त्याला मागचा दिवा नसतो, पण गाणं असतं. त्यामुळं रात्री आम्ही ट्रॅक्टर डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखतो. आमची गाडी चालवण्याची सगळी विद्या म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखणं. म्हशीच्या मनात, बुलेटवरच्या पोराच्या मनात, हात उजवीकडं दाखवून डावीकडं वळणाऱ्या तात्यांच्या मनात. आणि इथं समोर कुणीच नव्हतं. नुसता काळाभोर, धुतल्यासारखा रस्ता, आणि तो सगळा एकाच बाजूनं वाहणारा. माझ्या अंगावर काटा आला. एवढा मोकळा रस्ता आमच्याकडं फक्त पुढं अपघात झालेला असला किंवा मंत्री येणार असले तरच दिसतो.

"गॅस दीजिए," प्रशिक्षक म्हणाला. मी दिला. पाठ सीटमध्ये रुतली आणि पोट पाटोद्यात राहिलं. मागून आवाज असा आला की शंभर गिरण्या एकदम सुरू झाल्या. काट्याकडं बघायचं धाडस मी एकदाच केलं, तेव्हा तो १६० च्या पुढं होता. तेवढ्यात वळण आलं आणि पायानं आयुष्यभराच्या संस्काराप्रमाणं गॅस सोडला. शेपूट किंचित डोललं. किंचितच, गाडीतल्या कुठल्याशा संगणकानं ती लगेच सावरली. पण त्या क्षणी मी मोठ्यानं ओरडलो ते होतं, "उलाळली!"

प्रशिक्षकानं हा शब्द हरियाणवीत शिवी समजून घेतला असावा. तो पुढं अदबीनं वागला.

पुढच्या फेरीत निळा झेंडा दिसला. मागच्याला वाट द्या, असा त्याचा अर्थ. मी काचेतून हात बाहेर काढून त्याला 'जा' म्हणून खूण करणार, तर प्रशिक्षकानं मनगटच धरलं. एकामागून एक सात गाड्या गेल्या. एकाही चालकानं आमच्याकडं रागानं बघितलं नाही, हेही मला चमत्कारिकच वाटलं.

वेटेलनं इथं एक फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांत मारली होती, म्हणजे ताशी सरासरी २११. मला साडेतीन मिनिटं लागली. सरासरी ८८. मित्र कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. तो काही बोलला नाही; मुद्दाम बोलला नाही, हे मला कळलं.

तेवढ्यात मला आठवलं. गाडीत सुटं सामान ठेवायचं नाही, हा तिथला कडक नियम. आणि जेवायच्या सुट्टीत पिशवी कुठं ठेवावी म्हणून मी ती पुढच्या डिकीत टाकली होती. मी घाईघाईनं बॉनेट उघडायला लावलं. मऊ अस्तरावर चार सीताफळं, पूर्ण पिकलेली, हात लावला तरी फुटतील अशी. जागची हललीसुद्धा नव्हती. एकाचाही डोळा उकललेला नव्हता.

मित्रानं सीताफळांकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. मग तो पोट धरून खाली बसला.

"काकूंना सांग," डोळे पुसत तो म्हणाला, "फळं सुखरूप पोचली."

आम्ही टायरांच्या भिंतीला टेकून ती खाल्ली. तिथं जमीन एवढी स्वच्छ होती की बिया थुंकायला जागा सापडेना. शेवटी त्यानं आपलं महागाचं हेल्मेट उलटं करून पुढं धरलं.