कर्तव्यांची बारनिशी

करावयाचे एकही काम ज्याच्या शिरावर शिल्लक उरलेले नाही, अशा भाग्यवान गृहस्थाने हे सदर न वाचता खुशाल शब्दकोड्याकडे वळावे. परंतु ज्याचे विजेचे बिल भरावयाचे राहिले आहे, ज्याच्या मुलाचा शाळेचा दाखला अजून मिळावयाचा आहे, ज्याने गिऱ्हाइकाला उद्याचा वायदा दिलेला आहे आणि ज्याला हे सर्व नेमके रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर आठवते, त्याच्यासाठी सांप्रत जी सोय उपलब्ध झाली आहे तिचा परामर्श घेणे हे लोकशिक्षणाचे कार्य समजून आम्ही ते हाती घेत आहोत. ही सोय म्हणजे कामांच्या याद्या ठेवणारी ॲप्स. ती इतकी उदंड झाली आहेत की त्यांतून एक निवडणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. आणि हे काम इतर सर्व कामांहून श्रेष्ठ प्रतीचे मानावे लागते, कारण ते चालू असेपर्यंत बाकीची सर्व कामे, सदसद्विवेकबुद्धीला यत्किंचितही टोचणी न लागता, तहकूब ठेवता येतात.

निवड करू पाहणारा मनुष्य प्रथम रंगरूप पाहतो, मग घंटा किती प्रकारची वाजते ते पाहतो आणि शेवटी वर्गणी पाहून परत रंगरूपाकडे येतो. आमच्या मते पहिली चौकशी आयुर्मानाची करावी. वंडरलिस्ट नावाचे एक अत्यंत देखणे ॲप 2010 साली बर्लिन शहरात जन्मास आले. देशोदेशींच्या लक्षावधी लोकांनी आपापली कर्तव्ये विश्वासाने त्याच्या स्वाधीन केली. 2015 साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले, आणि जी वस्तू मन लावून खरेदी करावी तीच सावकाशीने मोडीत काढावी या धनवंतांच्या शिरस्त्यास अनुसरून 6 मे 2020 रोजी ते कायमचे बंद केले. तत्पूर्वी, 2019 साली, त्याच्या मूळ जनकाने आपले अपत्य आपल्याला परत विकत द्यावे अशी जाहीर विनंती करून पाहिली होती. तिची तामिली झाली नाही. जुन्या याद्या कंपनीच्या नव्या ॲपात उचलून नेण्याची सवलत देण्यात आली होती, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. तथापि पेशवे दफ्तरातले जे कागद रुमालांत बांधून पडले होते, ते गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात निवडून 45 खंडांत छापून काढले, आणि शतका-दोन शतकांपूर्वी बोरूने लिहिलेली ती टिपणे मोडी जाणणाऱ्या माणसाला बिनतक्रार वाचता आली. आमच्या काळातील कर्तबगारीच्या याद्यांवर पुढे कोणा सरदेसायांना असा उद्योग करण्याचा प्रसंग येईल, अशी भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही.

हयात असलेल्यांपैकी टुडूइस्ट हे ॲप अमीर सालिहेफेंदिच या विद्यार्थिदशेतील तरुणाने 2007 साली स्वतःच्या सोयीसाठी रचले. त्यात पाप-पुण्याचा हिशेब ठेवण्याची व्यवस्था आहे, आणि तिचे नाव कर्म. आजवर हे खाते चित्रगुप्ताकडे होते व त्याचा निकाल मरणोत्तर लागत असे, त्यामुळे माणसाला साठ-सत्तर वर्षे तरी बेफिकीर राहता येई. टुडूइस्टमध्ये निकाल रोजच्या रोज लागतो. काम पूर्ण केले की गुण वाढतात. परंतु नवे काम नुसते नोंदवले तरीही गुण वाढतात, ही सवलत चित्रगुप्ताच्या कारकिर्दीत कोणाच्या स्वप्नातही आली नसती. मुदत उलटून चार दिवस झाले तरी काम पडूनच राहिले, तर गुण कापले जातात. मात्र सहलीला निघण्यापूर्वी सुट्टीची कळ दाबून ठेवली असता तेवढ्या अवधीतील आळस हिशेबात धरीत नाहीत. याप्रमाणे 50,000 गुण साठले की भक्तास ज्ञानी पुरुषाची सर्वोच्च पदवी मिळते. आमच्या परिचयातील एक विमाप्रतिनिधी या मार्गावर बरेच पुढे गेलेले आहेत. ते सकाळी दात घासून आल्यावर ‘दात घासणे’ अशी नोंद करतात, लगेच तिच्यावर खूण करतात, आणि मग दिवसाचा प्रारंभ चांगला झाला या समाधानात चहा घेतात. चहाचीही नोंद होते.

ट्रेलोचा विचार थोडक्यात आटोपतो. त्यात फळ्यावर पत्ते लावल्याप्रमाणे कामे एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवावयाची असतात. ही कल्पना टोयोटाच्या कारखान्यातील कानबान पद्धतीची, आणि 2017 साली ॲटलासियनने हा फळा 42.5 कोटी डॉलरला घेतला. थिंग्ज हे जर्मनीतील श्टुटगार्टच्या कारागिरांचे काम. ते फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालते, एकदाच दाम मोजावे लागते, आणि फोनसाठी व संगणकासाठी ते निरनिराळे मोजावे लागते. इतरांची कामे वेळेवर व्हावीत म्हणून झटणाऱ्या या मंडळींनी 2012 सालच्या दुसऱ्या आवृत्तीनंतर तिसरी काढली ती 2017 साली, यावरून त्यांचा मनुष्यस्वभावाचा अभ्यास किती खोल आहे ते कळून येते. असाना मात्र जरा थांबून पाहण्यासारखे आहे. त्याचे एक संस्थापक डस्टिन मॉस्कोविट्झ हे फेसबुकच्या स्थापनेत होते, आणि दुसरे जस्टिन रोझेनस्टाइन यांचा फेसबुकवरील त्या जगद्विख्यात पसंतीच्या अंगठ्याच्या घडणीत हात होता. म्हणजे ज्या योजनेपायी कोट्यवधी लोकांची दुपार वाया जाऊ लागली तिच्या उभारणीस हातभार लावून हे दोघे 2008 साली बाहेर पडले आणि वाया गेलेली दुपार सावरण्याचे दुसरे दुकान त्यांनी थाटले. दोन्ही दुकाने उत्तम चालतात. असानात काम पुरे झाले की कधी कधी पडद्यावरून एक शिंगवाला घोडा धावत जातो. तो पाहण्यासाठी कामे लवकर उरकणारी प्रौढ माणसे या जगात आहेत.

या सर्व ॲप्सच्या मुळाशी जे तत्त्वज्ञान आहे, ते बहुतांशी डेव्हिड ॲलन नामक अमेरिकन गृहस्थांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून आले असे मानतात. त्यांचे सांगणे असे की डोक्यात काही ठेवू नये. आलेले प्रत्येक काम एका टोपलीत टाकावे, मग त्याची छाननी करावी, जे करावयाचे ते एका यादीत, जे दुसऱ्यावर अवलंबून आहे ते वाट पाहण्याच्या यादीत, जे ठराविक तारखेला उगवते ते तारखेच्या कप्प्यात, जे पुढेमागे पाहण्यास लागेल ते संदर्भात, आणि उरलेले केराच्या पेटीत. हे वाचून युरोप-अमेरिकेत मोठी खळबळ उडाली. आमच्याकडील कोणाही अव्वल कारकुनाला हे दाखवले असते, तर चष्मा कपाळावर सारून त्याने एवढेच विचारले असते की यात नवीन ते काय? महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांत सहा गठ्ठे पद्धत म्हणून एक शिस्त आहे, आणि नव्याने रुजू झालेल्या लिपिकास ती प्रशिक्षणातच पढवतात. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करावयाचे: निपटारा करावयाची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि शेवटी नष्ट करावयाचे कागद. ॲलनसाहेबांची टोपली, वाट पाहणे, तारखेचा कप्पा, संदर्भ, केराची पेटी, सारे काही त्यात यथास्थित आहे. लाल फीत तेवढी जास्तीची. त्यांचा दुसरा सिद्धांत असा, की दोन मिनिटांत होण्यासारखे काम यादीत न लिहिता तत्काळ करून टाकावे. दोन मिनिटांचे माहात्म्य आमच्या कचेऱ्यांनाही अवगत आहे. ‘साहेब दोन मिनिटांत येतीलच, बसा’ हे वाक्य ऐकून बाकावर बसलेले अर्जदार आमचे म्हणणे पडताळून सांगतील.

मग एवढी सहा गठ्ठ्यांची शिस्त असताना कचेरीतली कामे का अडतात, असा प्रश्न चौकस वाचक करील, आणि तेथेच ॲपच्या निवडीची खरी मेख आहे. पुन्हा बर्लिनकडेच जावे लागते. तेथे ब्ल्युमा झायगार्निक या विदुषीने 1927 साली असे दाखवून दिले की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट सुटलेले काम मनात अधिक टिकून राहते. पुढे 2011 साली मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना असे आढळले की त्या अर्धवट कामाची योजना नीट आखून ठेवली तरी मनाची ती हुरहुर शमते. त्यासाठी काम प्रत्यक्ष करावेच लागते असे नाही. आळशी मनुष्याला इतका भक्कम शास्त्राधार यापूर्वी कधी मिळाला नव्हता. घरची यादी आपण लिहितो ती आठवण राहावी म्हणून, असा समज आहे. वस्तुतः आपण ती लिहितो विसरण्याची मुभा मिळावी म्हणून. धंद्यातली यादी याच्या नेमकी उलट. ती लिहावयाची ती दुसऱ्याने विसरू नये, आणि विसरलाच तर ‘मला कोणी सांगितलेच नव्हते’ असे म्हणण्यास त्याला तोंड उरू नये म्हणून. एक मनाचे औषध आहे, दुसरा लेखी पुरावा आहे. आणि या दोहोंसाठी एकच ॲप चालेल काय असे विचारीत लोक महिनेच्या महिने घालवतात.

आमच्या एका स्नेह्यांचे पंप आणि पाइपफिटिंगचे दुकान आहे. त्यांनी चिरंजीवांच्या आग्रहावरून दुकानात एक ॲप आणले. कोणते ते सांगण्यात स्वारस्य नाही. ‘गोडाऊनचा पत्रा बदलणे’ हे काम त्यांनी पुतण्याच्या नावे टाकले. पुतण्याने ‘पत्र्याचे माप हवे’ असा शेरा मारून ते काकांकडे परत पाठवले. काकांनी ते दिवाणजींकडे वळवले. दिवाणजींनी ‘शिडी नाही’ असे लिहून ते पुन्हा पुतण्याच्या माथी मारले. प्रत्येक फेरीला तिघांच्याही फोनवर घंटा वाजे, आणि दुकानात काहीतरी जोरात चालले आहे असा गिऱ्हाइकांचा ग्रह होई. पहिल्या पावसात पीव्हीसीच्या कोपऱ्यांची खोकी भिजली, तेव्हा स्नेही संतापून म्हणाले, “अरे, पत्रा बदलला की नाही?” पुतण्या शांतपणे म्हणाला, “काका, मी ते कधीच टिक केलंय. बघा की!” खरोखरच टिक केलेले होते. काम कोणाकडे होते, केव्हा गेले, कोणी परत केले, याची मिनिटामिनिटाची कैफियत ॲपात सुरक्षित होती. नव्हता तो फक्त पत्रा.

घरचा मामला अधिक नाजूक. एका यादीत कुटुंबातील चौघांना सामील करून तीत ‘दळण आणणे’ असे लिहिले, की ते चौघांनाही दिसते आणि म्हणूनच चौघेही निश्चिंत होतात. याउलट गव्हाचा डबा, वर नावाची चिठ्ठी खोचून, दाराच्या मधोमध अशा बेताने ठेवला की तो ओलांडल्याशिवाय कोणाला बाहेर पडता येऊ नये, तर घरातला ज्याचा पाय त्याला प्रथम लागतो तो मुकाट्याने पिशवी उचलून गिरणीवर जातो. या पद्धतीला वर्गणी नाही, पासवर्ड नाही आणि सुट्टीची कळही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडराचीही तीच गोष्ट. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली कालनिर्णय सुरू केले तेव्हा पंचांग घरोघर पोहोचवणे हा हेतू होता. परंतु आमच्या गृहिणींनी त्यातल्या चौकोनांत ‘दूध नाही’, ‘गॅस लावला’, ‘बाईंची सुट्टी’ अशा पेन्सिलीच्या नोंदी करून, आणि महिनाअखेर त्याच नोंदी दूधवाल्यापुढे धरून, औषध आणि पुरावा ही दोन्ही कामे एकाच खिळ्यावर टांगली. जे बर्लिन आणि कॅलिफोर्निया यांना साधले नाही ते येथे साधले, याचे कारण त्या चौकोनात चार शब्दांपलीकडे काही मावत नाही, हेच असावे.

आता निर्णय. एकट्या माणसाला ॲपच हवे असेल, तर त्याच्या फोनात आधीपासून जे फुकट बसलेले आहे ते पुरेसे आहे. त्याहून उत्तमाचा शोध घेणे हा छंद आहे, त्याला गरजेचे नाव देऊ नये. धंद्यासाठी घ्यावयाचे तर ते मालकाला आवडते की नाही हे न पाहता, दुकानातला सर्वांत नाखूश नोकर ते उघडतो की नाही, हे पाहावे. एका कामावर एकच नाव असावे; असाना एकाच माणसाला धनी करू देते, ट्रेलोच्या एका पत्त्यावर कितीही जण बसू शकतात, आणि ज्या कामाला कितीही धनी त्याची गत दळणासारखी होते. आपली यादी बाहेर काढून घेण्याची सोय आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे, वंडरलिस्टचे स्मरण ठेवून. आणि जीएसटीचे विवरणपत्र कोणत्याही यादीत लिहिण्याची तसदी घेऊ नये. ज्या कामाला दिवसाला 50 रुपये विलंबशुल्क आहे, ते माणसाला आपोआप आठवते.

या विषयावर वाचकांची आपापल्या लाडक्या ॲपच्या शिफारशींची पत्रे येतील, याची आम्हांस कल्पना आहे. ती अवश्य पाठवावीत. आलेले प्रत्येक पत्र रीतसर नोंदवून सहाव्या गठ्ठ्यात ठेवण्यात येईल.