लिंक रॉडची सुप्रमा

अंदाजपत्रक फुगवण्याची कला महाराष्ट्रात पाटबंधारे खात्यात जन्मली आणि तिथेच तिनं कळस गाठला, असा आजवर सर्वांचा समज होता. गोसीखुर्दचं नाव घेतलं की वाद मिटायचा. 1983 साली 372 कोटींचा म्हणून मान्य झालेला हा प्रकल्प सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे खात्याच्या लाडक्या भाषेत 'सुप्रमा', घेत घेत 2016 पर्यंत 18 हजार कोटींच्या पुढे गेला. सुमारे पन्नास पट. याची बरोबरी कुणी करील असं वाटत नव्हतं. परवा ती झाली, आणि तीही पाऊण तासात. करणारं खातं सरकारी नाही. त्याला काचेचे दरवाजे आहेत, आत एसी आहे आणि कॉफी फुकट मिळते.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी स्वतः कधी अंदाजपत्रक फुगवलं का, हे विचारण्याइतकी आमची मैत्री नाही. पण फुगलेलं ओळखायला त्यांना चष्मा लागत नाही. त्यांची पाच वर्षांची छोटी गाडी गतिरोधकावर पुढून डावीकडे खडखडायला लागली. (पुण्यातला गतिरोधक म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद या मापाला वाहिलेली श्रद्धांजली असते. त्यावर गाडी खडखडली नाही तरच तपासून घ्यावी.) कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं गाडीखाली हात घालून एक दांडी हलवली आणि निकाल दिला, "काका, लिंक रॉड गेलाय. नऊशेचा आहे." पण गाडीला वाढीव वॉरंटी होती, म्हणून सेक्रेटरी गाडी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले.

पाऊण तासानं अंदाजपत्रक आलं. 46,380 रुपये.

डावा-उजवा लिंक रॉड त्यात होताच, तो पहिल्या ओळीत बिचारा एकटा उभा होता. त्याच्यामागे वऱ्हाड. दोन्ही लोअर आर्म, असेंब्लीसकट. दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर, त्यांच्या माउंटिंगसह. पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड. इंजिन डीकार्बनायझेशन. इंजेक्टर क्लीनिंग. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. एसी डिसइन्फेक्शन. अंडरबॉडी कोटिंग. उंदीर येऊ नये म्हणून फवारा. काच पॉलिश. शेवटी अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि 'कन्झ्युमेबल्स' नावाची एक रक्कम, जिचा अर्थ कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. सेक्रेटरींना मात्र तो लगेच कळला. "हे आमचे आकस्मिक खर्च," ते म्हणाले, आणि गाव सोडून गेलेला भाचा भेटावा तसे हसले.

लाउंजमध्ये बसलेली बाकीची मंडळी असा कागद हातात आला की एकच आकडा बघतात, तळाचा. मग निःश्वास, मग घरी फोन, मग सही. खात्यात वाढलेला माणूस अंदाजपत्रक तळातून वाचत नाही. बाब, परिमाण, दर, रक्कम अशा क्रमानं तो खाली उतरतो. सेक्रेटरींनी खिशातून लाल पेन काढलं.

"बाळा, लिंक रॉड बदलायला चाक काढावं लागतं?"

"हो सर."

"लोअर आर्मला?"

"हो सर, चाक काढावंच लागतं."

"शॉक अॅब्सॉर्बरला?"

"अर्थात सर."

"मग डावीकडचं चाक तू तीनदा काढणार आहेस का? कारण मजुरी तिन्ही ठिकाणी पूर्ण लावली आहेस."

मुलगा थांबला. त्याचा दोष नव्हता. मजुरी घड्याळ लावून मोजत नाहीत, कंपनीच्या तक्त्यातून येते. अमुक कामाला इतके तास, तमुक कामाला तितके, मग प्रत्यक्षात वीस मिनिटं लागोत की दोन तास. एकाच वेळी उघडलेल्या चाकामागची तिन्ही कामं संगणक स्वतंत्र धरतो, कारण त्याला चाक दिसत नाही. सेक्रेटरींना हा तक्ता मनापासून आवडला. "आमची डीएसआर, म्हणजे दरसूची, अशीच होती," ते म्हणाले. "एकच खड्डा पाइपवाल्याच्या बिलात, केबलवाल्याच्या बिलात आणि रस्तेवाल्याच्याही बिलात."

मग असेंब्लीची बाब निघाली. लोअर आर्म म्हणजे एक धातूचा हात, त्यात रबराची बुश. झिजते ती बुश. पण ती सुटी मागितली की संगणकावर पार्ट नंबर सापडत नाही. सापडतो तो अख्ख्या हाताचा. नखुरडं झालं म्हणून दंड बदलणारी ही शल्यचिकित्सा आपल्याकडे रोज कितीतरी बाह्यरुग्ण विभागांत चालते, आणि त्यावर रुग्णाच्या नातलगांची सही असते.

"आणि बुश गेली आहे हे ठरवलं कुणी?" सेक्रेटरींनी विचारलं. "मोजमाप पुस्तिका दाखव. कुणी मोजलं, कधी मोजलं, तपासणी कुणाची?"

इथे आपण खऱ्या जागी येतो. वर्कशॉप आणि लाउंज यांच्यामध्ये एक मोठी काच असते. काचेपलीकडे जो गाडीखाली झोपतो, तो गिऱ्हाइकाशी बोलत नाही. अलीकडे जो बोलतो, त्यानं गाडीखाली वाकून पाहिलेलं असेलच असं नाही. मिस्त्रीकडे गेलेला पार्ट तुमच्या हातात ठेवतात, तो हलवून दाखवतात आणि तेलकट बोटानं तडा कुठं आहे ते सांगतात. इथे 'टेक्निशियनचा रिमार्क' नावाचं आकाशवाणीसारखं काहीतरी स्क्रीनवर उमटतं. सल्लागार मुलगा बहुधा मराठवाड्यातून आलेला, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, आणि महिन्याला किती डीकार्बनायझेशन आणि किती कोटिंग खपवायची याचं टार्गेट डोक्यावर घेऊन बसलेला. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. चिडावं ते त्या काचेवर. भाजीवालीनं दुधी नखानं टोचू दिला नाही तर आपण दुसरीकडे जातो. काचेपलीकडच्या शेहेचाळीस हजारांच्या मालाला हात लावायची इच्छाही कुणाला होत नाही, कारण कॉफी प्यालेला माणूस भांडत नाही.

दरम्यान वॉरंटीचा ब्रह्मास्त्रासारखा वापर झाला. लिंक रॉड वॉरंटीत बसत नाही, कारण ते झिजेत धरतात. जे मोडतं ते वॉरंटीत नसतं आणि जे वॉरंटीत असतं ते मोडत नाही, हे तत्त्व आता प्रत्येक मालकाला पाठ आहे. "पण सर, बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल," मुलगा म्हणाला.

हे वाक्य देशभर रोज उच्चारलं जातं, आणि भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्येच ते मोडीत काढायचा प्रयत्न केला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं आणि दुरुस्ती आपल्याच दालनात अडकवून ठेवणं, यासाठी आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला. बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करू नका. त्याच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असंही बजावलं. कंपन्या अर्थातच न्यायाधिकरणात गेल्या, न्यायालयात गेल्या. कारच्या कंपन्या असल्यामुळे त्यांना लांबचा पल्ला जड जात नाही. केंद्र सरकारनं 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'दुरुस्तीच्या हक्का'चं पोर्टलही उघडलं. हक्क पोर्टलवर आहे, गाडी जॅकवर आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून मोटारीच्या सगळ्या सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आला. आधी त्यातल्या पुष्कळांवर 28 होता. अंदाजपत्रक त्या मानानं उतरलेलं आमच्या सोसायटीत कुणाला दिसलेलं नाही. कर कमी झाला की उंदरांचा फवारा वाढत असावा.

सेक्रेटरींनी एकेक बाब तपासायला घेतली आणि काच ओलांडून आत जाण्याचा हट्ट धरला. 'विम्याच्या कारणास्तव परवानगी नाही' या उत्तरावर त्यांनी 'तसं लेखी द्या' एवढंच म्हटलं. सरकारी नोकरीत शिकलेलं याहून प्रभावी वाक्य दुसरं नाही. मॅनेजर स्वतः बाहेर आला आणि गाडी लिफ्टवर दाखवली गेली. शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल गळत नव्हतं. लोअर आर्मच्या बुश शाबूत होत्या. ब्रेकचे पॅड मात्र खरोखर संपत आले होते. तिथे सर्व्हिस सेंटर बरोबर होतं आणि सेक्रेटरींनी ती बाब टिक करून मंजूर केली. डिस्कवर फुली. डीकार्बनायझेशनपासून काच पॉलिशपर्यंत एक तिरकी लाल रेघ. एसीचा फिल्टर त्यांनी नंतर नाना पेठेतून आणला आणि ग्लोव्ह बॉक्स उघडून स्वतः बसवला. काढलेले पार्ट परत हवेत, डेड स्टॉक रजिस्टरला नोंदवायचे आहेत, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मॅनेजरला ते खरंच वाटलं. अंतिम बिल झालं 7,150 रुपये. मजुरीवर 10 टक्के सूट न मागता.

आता ज्यांच्या घरी निवृत्त उपअभियंता नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. 'सर, अजून एक काम निघालंय, करून टाकू का?' असा फोन येतो, तेव्हा आपण मीटिंगमध्ये असतो आणि 'हो हो' म्हणून टाकतो. तो होकार म्हणजे सुप्रमा. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 170 कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क देतं. हा कायदा मोटारीच्या जन्माआधीचा असला तरी तो तुमच्या मोटारीला चपखल लागू पडतो. होकार दिलेल्या कामाचे पैसे भरल्याशिवाय किल्ली मिळणार नाही, आणि भांडण लाउंजमध्ये कॉफीसोबत करावं लागेल. म्हणून फोनवर कशालाच हो म्हणू नका, फोटो आणि दर लेखी मागवा, आणि उरलेलं काम पुढच्या महिन्यात दुसरीकडे दाखवून घ्या. खडखडणारी गाडी तोवर चालते. ब्रेकची गोष्ट वेगळी, तिथे हुज्जत घालत बसू नका.

त्यातूनही न केलेल्या कामाचे पैसे उकळलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क पडत नाही. आणि जाताना पेन आपलं न्या. लाउंजमध्ये मिळतं ते फक्त सहीपुरतं चालतं.